व्हॉइस नोट पाठवू नये

आमच्या ग्रुपचा नियम एकच होता आणि तो मी केला होता. व्हॉइस नोट पाठवायची नाही. जे सांगायचं ते टाइप करा, आणि टाइप करायचा कंटाळा येत असेल तर सांगूच नका, जगाचं काही अडत नाही. नुसतं 'बरं' म्हणायला तीन मिनिटं घसा खाकरणारी माणसं मला सहन होत नाहीत. हे मी पहिल्याच दिवशी ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं आणि एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

मी सुलक्षणा. मुलुंड पूर्वेला राहते, वय त्रेसष्ट. एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात सदतीस वर्षं काढली. साहेबांच्या नावाने बाहेर गेलेली सगळी इंग्रजी पत्रं माझी, सही फक्त त्यांची. निवृत्त झाल्यावर पत्रं कुणी लिहून मागेना, पण हात शिवशिवायचे थांबेनात. सोसायटीच्या नोटिशी मी लाल पेनाने दुरुस्त करायला लागले. चौथ्या नोटिशीनंतर सेक्रेटरीने बोर्डाला काच लावून कुलूप घातलं. मग मी फेसबुकवर गेले.

तिथे कुणीतरी एका हॉलच्या पाटीचा फोटो टाकला होता. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'लग्न, मुंज आणि इतर दुःखद प्रसंगांसाठी हॉल भाड्याने मिळेल.' खाली शेकडो लोक हसून निघून गेले. आम्ही चौघं मात्र हटलो नाही. माझं म्हणणं, ही घोडचूक आहे. बोरिवलीच्या हर्षदचं म्हणणं, पाटी रंगवणारा लग्न झालेला असणार, त्याने विचार करूनच लिहिलंय. अंधेरीची अबोली म्हणाली, तिच्या भावाच्या लग्नातलं जेवण बघता 'दुःखद'सुद्धा कमीच आहे. आणि घाटकोपरच्या मालनने विचारलं, की 'इतर' हा एक शब्द काढला तर बिचाऱ्याचं सगळं सावरत नाही का? मला ती तिथेच आवडली. दोन दिवस भांडून झाल्यावर आम्ही चौघांनी वेगळा ग्रुप काढला आणि मी ॲडमिन झाले.

त्याला आता दोन वर्षं झाली. आम्ही कधी भेटलो नाही आणि भेटायचं कुणी नावही काढलं नाही. हर्षदचं औषधांचं दुकान आहे, गिऱ्हाईक गेलं की तो टाइप करतो. अबोली सव्वीस वर्षांची, कॉम्प्युटर कंपनीत आहे, आणि तिच्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम म्हणून कधी नसतो. मी तिला हजारदा सांगितलं, ती हजारदा 'ओके मावशी' म्हणाली, तेही पूर्णविरामाशिवाय.

विषय रोजचेच असायचे, पण त्यात इंग्रजीची गंमत शोधायची. अबोली लिहायची, 'अलार्म गोज ऑफ' म्हणजे वाजतो आणि 'लाइट गोज ऑफ' म्हणजे जातो, तर आज सकाळी दोन्ही झालं, मी उठायचं की झोपायचं? हर्षद लिहायचा, ऑफिसला कळव की तूही ऑफ आहेस. मालन एकदा म्हणाली, काका अंकल, मामा अंकल, आत्याचा नवरा अंकल, आणि बसमध्ये पाय तुडवणारा अनोळखी माणूसही अंकलच. मग या लोकांच्या लग्नात मानपानाच्या वेळी कोण रुसलंय ते कळतं कसं? 'उष्टं' या शब्दावर आमचे तीन दिवस गेले. शेवटी मी चार ओळींची इंग्रजी व्याख्या करून दिली. त्यावर तिचं उत्तर आलं, "ताई, एवढं सांगून होईस्तोवर समोरच्याने जेवून हात धुतले असतील."

ही मालन त्रेचाळीस वर्षांची. वडील गिरणीत होते, मूळचे देवगडकडचे. शाळा मराठी, दहावीपर्यंत. घाटकोपरला रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या मागच्या खोलीत ती ट्यूबवर स्टिकरं लावते आणि नोंदी करते. ग्रुपवर आली तेव्हा तिचं इंग्रजी लंगडत होतं. मी तिची प्रत्येक ओळ दुरुस्त केली आणि ती प्रत्येक दुरुस्ती वहीत उतरवून घ्यायची. वर्षभरात अशी लिहायला लागली की मला कधीकधी वाटायचं, हे मीच लिहिलंय. पोटच्या मुलाने मला इतका आनंद दिलेला नाही, आणि हे मी त्यालाही सांगितलंय.

मार्चमधल्या एका शुक्रवारी तिने लिहिलं की लॅबचं मागच्या खोलीतलं काम पुढच्या महिन्यात तुर्भ्याला हलतंय. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, वर जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. तिची सासू अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. नवरा दुपारी तीनला निघतो, मुलगी कॉलेजहून सहाला येते, मधल्या वेळात म्हातारीजवळ कुणीतरी हवंच. तुर्भे जमणार नव्हतं, म्हणजे चौदा वर्षांची नोकरी गेल्यात जमा होती. पण त्याच लॅबचं अंधेरीला नवं केंद्र उघडलं होतं आणि तिथे पुढच्या काउंटरवर सकाळच्या पाळीची एक जागा होती. मालन दुपारी घरी पोचली असती. मेट्रोने सरळ रस्ता. मंगळवारी मुलाखत होती, आणि ती इंग्रजीत होणार होती.

"मग काय, झकास!" हर्षदने लिहिलं. "इंग्रजीत आपल्या मालनला कोण हरवतंय?"

आम्हा तिघांनाही तसंच वाटलं. शनिवारी सकाळभर आम्ही प्रश्न पाठवले आणि तिने उत्तरं दिली. अशी उत्तरं, की मी एकाही ओळीला हात लावला नाही. हर्षदने खडूस साहेबाचं सोंग घेऊन विचारलं, आम्ही तुलाच का घ्यावं? तिने लिहिलं, कारण रक्त देणारा माणूस घाबरलेला असतो आणि चौदा वर्षं मी त्याची फक्त ट्यूब पाहिली आहे, आता मला तो माणूस पाहायचा आहे. मी ते वाचून चष्मा काढून पुसला.

मग अबोलीने लिहिलं, "आता मस्त एक कॉल करूया ना सगळे, मॉक इंटरव्ह्यू, बोलायची पण सवय हवी"

त्यावर मालनचं उत्तर आलं नाही. तासभर आलं नाही. नंतर मला एकटीला मेसेज आला, चक्क मराठीत. 'ताई, रागवू नका. मी इंग्रजी कधी बोललेच नाही. आजवर एक वाक्यसुद्धा नाही. मघापासून आरशासमोर उभी आहे, तोंडातून येतच नाही.'

मी तो मेसेज दोनदा वाचला. दोन वर्षं आम्ही रोज तिच्याशी बोलत होतो असं आम्हाला वाटत होतं, आणि तिचा आवाज आमच्यातल्या कुणीही ऐकला नव्हता. बोलू नका, लिहा, असा नियम करून मी तिला इंग्रजी शिकवत होते.

मी तिला फोन लावला. तो आमचा पहिला फोन. तिचा आवाज मला वाटला होता तसा बारीक नव्हता, चांगला भरदार होता. मागे टीव्ही चालू होता.

"ताई, माका जमाचा नाय ओ," ती म्हणाली. "लिहिताना सगळं दिसतं डोळ्यांसमोर. बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटते. वाट लागली माझी."

"वाट बिट काही लागत नाही. म्हण बघू, गुड मॉर्निंग, माय नेम इज मालन."

टीव्हीवरच्या बायका तेवढ्या भांडत होत्या.

"म्हण गं. मी ऐकतेय, दुसरं कोणी नाही."

"तुमच्यासमोरच तर भीती वाटते. तुमचं इंग्रजी एवढं..." मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "ताई, आधी तुम्ही बोलून दाखवा ना! तुम्ही दोन मिनिटं बोला, मी तुमच्या मागनं म्हणते. तसं जमेल मला."

मी तोंड उघडलं. आणि मी म्हणाले, "थांब गं, दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. गॅस पेटवलेलाही नव्हता.

आता इथवर आलेच आहे तर सांगून टाकते. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कलकत्त्याच्या मुख्य कचेरीतून फोन आला, साहेब जागेवर नव्हते, मी उचलला. मी इंग्रजीत दोन वाक्यं बोलले असेन. मागून कुणीतरी तीच दोन वाक्यं माझ्या आवाजात, माझ्या हेलात म्हणून दाखवली आणि सगळा विभाग हसला. चहाची वेळ होईपर्यंत हसत होता. त्यानंतर पुढची चौतीस वर्षं फोन वाजला की मी हात धुवायला जायचे. साहेब कौतुकाने म्हणायचे, बाई मोजकं बोलतात पण ड्राफ्ट काय सुंदर करतात. मी ड्राफ्ट सुंदर करत होते कारण मला बोलायचं नव्हतं. व्हॉइस नोट बंदीचं कारणही तेच होतं. घसा खाकरणाऱ्या लोकांना मी उगाच दोष दिला.

त्या दुपारी मला स्वतःची फार लाज वाटली. माझी भीती मी नियम म्हणून दुसरीच्या गळ्यात बांधली होती आणि आता तिची नोकरी जाणार होती. मुलगा आणि सून बाहेर गेले होते, तरी मी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि फोनवरचं माइकचं बटण दाबलं. अकरा वेळा बोलले, अकराही वेळा पुसून टाकलं. बाराव्या वेळी बोट सुटलं आणि ते ग्रुपवर गेलं. सत्तेचाळीस सेकंदांचं.

ते नंतर मी ऐकलं. सुरुवातच 'मायसेल्फ सुलक्षणा' अशी होती. 'मायसेल्फ' म्हणून स्वतःची ओळख करून देऊ नये यावर मी ग्रुपवर तीन वेळा निबंध लिहिला होता. पुढे मी सांगितलं होतं की मी मुलुंडला राहते, मला इतकी वर्षं इंग्रजी बोलायची भीती वाटते, आणि आजपासून नियम रद्द. मध्ये दोनदा मी नुसतीच थांबले होते. हेल तर असा होता की आमचे सगळे नातेवाईक त्यातून ओळखू यावेत.

मी बाथरूममध्येच बादलीवर बसून राहिले. आता हसतील, असं वाटत होतं. पाच मिनिटांनी हर्षदची व्हॉइस नोट आली. तो त्याच हेलात, त्याहून वाईट इंग्रजीत सांगत होता की तो वीस वर्षं दुकानात इंग्रजी गिऱ्हाईक आलं की बायकोला पुढे करतो आणि स्वतः गोळ्या शोधायचं नाटक करतो. अबोलीचीही आली. ती धडाधड बोलली, पण तिने सांगितलं की मीटिंगमध्ये बोलण्याआधी ती प्रत्येक वाक्य कागदावर लिहून घेते. "आणि मावशी," शेवटी मराठीत म्हणाली, "तुमचा आवाज कसला गोड आहे यार, दोन वर्षं लपवून काय ठेवलात!"

मी बादलीवर बसून रडले. रडले म्हणजे चांगलीच रडले, कुणी बघणारं नव्हतं.

दिवेलागणीला मालनची व्हॉइस नोट आली. नऊ सेकंदांची. त्यातले पाच सेकंद नुसता श्वास होता. मग, "गुड इव्हनिंग. माय नेम इज मालन. आय ॲम... आय ॲम व्हेरी भियालेली."

"चालेल!" मी उलट बोलूनच सांगितलं. "अगदी चालेल. पुढचं बोल."

रविवार आणि सोमवार मिळून एकशे चाळीस व्हॉइस नोटा झाल्या. मालन सासूला भरवताना बोलली, भाकरी थापताना बोलली, सोमवारी लॅबमध्ये स्टिकर लावताना प्रत्येक ट्यूबला इंग्रजीत नावाने हाक मारून बोलली. मी एकही चूक दुरुस्त केली नाही. ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत, पण नाही केली.

मंगळवारी मी घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर जाऊन उभी राहिले. तिला सांगितलं नव्हतं. फिकट जांभळी साडी, हातात प्लास्टिकची फाइल, ओठ हलतायत, अशी एक उंच बाई समोरून आली आणि मी हाक मारली.

"मालन!"

आवाज ऐकूनच तिने ओळखलं. "ताई! तुम्ही? अगो बाई, तुम्ही तर एवढ्याशा आहात!" ती म्हणाली आणि तिथेच वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी तिला धरून उठवलं. गाडीत ती सगळा वेळ माझ्या कानाशी इंग्रजी पुटपुटत होती आणि मी 'येस, येस' करत होते.

अंधेरीचं केंद्र चकचकीत होतं. तिला आत बोलावलं, मी बाहेर खुर्चीवर बसले. वीस मिनिटांत ती बाहेर आली. चेहऱ्यावरूनच कळलं.

"काय झालं?"

"पहिले तीन प्रश्न झाले. मग मॅडमनी विचारलं, तुमच्या कामातला एखादा कठीण प्रसंग सांगा. ताई, सगळं पाठ होतं, आणि एकदम कोरं झालं. मी गप्पच बसले. मॅडम चांगल्या होत्या, थांबल्या. पण किती थांबणार? शेवटी म्हणाल्या, कळवतो." तिने फाइल माझ्या मांडीवर टाकली आणि शेजारी बसली. "चला, घरी जाऊया. तुम्ही एवढ्या लांब आलात, माफ करा."

"माफी कसली मागतेस वेडे," मी म्हणाले. मी दोन दिवसांत दोन वर्षांची चूक भरून काढायला निघाले होते, आणि ती भरून निघाली नव्हती.

आम्ही उठणार तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. पांढरी लुंगी, पांढरा शर्ट, सोबत थकलेली बायको. केरळहून मुलाकडे आलेले असावेत, हिंदी त्यांना येत नव्हती. काउंटरवरची मुलगी फोनवर कुणाशी तरी वाद घालत होती, तिने त्यांना हातानेच थांबायची खूण केली होती. माझ्या मांडीवर मालनची फाइल बघून त्यांना मी इथलीच कुणीतरी वाटले. ते इंग्रजीत भराभर सांगायला लागले, की बायकोची तपासणी आहे, उपाशी यायचं कुणी सांगितलं नव्हतं, तिने चहा घेतलाय, तर आता हे लोक काहीच बोलत नाहीत, तिला काही गंभीर आहे का. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज कापला.

मी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मालन उभी राहिली होती. तिने त्यांच्या हातातला डॉक्टरचा कागद घेतला, वाचला.

"सर, नो टेन्शन," ती म्हणाली. "धिस इज शुगर टेस्ट, कोलेस्टेरॉल टेस्ट. रूटीन. नॉट डेंजर."

"नॉट डेंजर?" ते म्हणाले.

"नो, नो. ओन्ली टी प्रॉब्लेम. टी, बिस्किट, नो. वॉटर, येस. मॅडम, वॉटर यू ड्रिंक, ओके?" तिने त्यांच्या बायकोचा हात हातात घेतला आणि नसा बघितल्या. "व्हेरी गुड व्हेन. नो पेन. टुनाइट डिनर एट ओ'क्लॉक, आफ्टर दॅट नथिंग. टुमॉरो मॉर्निंग, कम एट. ट्वेल्व्ह अवर्स." तिने पाच आणि तीन बोटं वर केली. "ऑटो टेक, डोन्ट वॉक. डोन्ट अफ्रेड. आय विल बी हिअर."

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली. "यू विल बी हिअर?"

"येस आजी. आय विल बी हिअर."

आणि मग ती थबकली, कारण आपण काय बोललो ते तिला आत्ता कळलं. उद्या ती इथे असणार नव्हती. नोकरी तिला मिळाली नव्हती. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मागे बघितलं.

मागे मुलाखतीच्या खोलीच्या दारात त्या मॅडम उभ्या होत्या. पुढच्या उमेदवाराला बोलवायला बाहेर आल्या होत्या आणि तशाच उभ्या राहिल्या होत्या. छातीवर नावाची पट्टी होती, दीप्ती असं काहीतरी.

"मी आत विचारत होते तो कठीण प्रसंग," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "हाच का?"

मालनचे डोळे भरून आले होते.

"तीन महिने ट्रायलवर ठेवेन. त्यानंतर बघू. पण उद्या आठला येऊन चालणार नाही हं. आजी आठला येतील. काउंटर साडेसहाला उघडतो."

मालन नुसती उभी. जीभ पुन्हा टाळूला चिकटली होती हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर ओरडले, भर हॉलमध्ये, इंग्रजीत.

"से येस, मालन! से येस!"

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. ते म्हातारे गृहस्थ हसले, त्यांची बायको हसली, फोनवरची मुलगीसुद्धा हसली. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

"येस," मालन म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाली, या वेळी साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं. "येस मॅडम. सिक्स थर्टी."